गिलाव्याखालचा दगड

कोल्हापूरकराचा गोवा ठरलेला असतो. पहाटे अंधारात निघायचं, आजरा ओलांडून आंबोलीत वडा-चहा, जेवायच्या वेळेला समुद्र. ओल्ड गोव्याची चर्चेस परतीच्या वाटेवर, तीही 'आलोय तर बघून जाऊ' म्हणून, आणि तोवर निम्मी मंडळी गाडीतच झोपलेली. किल्ल्याचंही तसंच. किल्ला म्हणजे पन्हाळा, आणि पन्हाळा म्हणजे पाहुणे आले की त्यांना फिरवून आणायची जागा. तबक उद्यान, तीन दरवाजा, गार वारा, झुणका-भाकर, दिवेलागणीला घरी.

ही दोन्ही टोकं एका रस्त्यावर आणायची, असं बरेच दिवस मनात होतं. पन्हाळ्यावरून सुरुवात करायची, गगनबावड्याहून खाली उतरून मालवणला सिंधुदुर्ग बघायचा, किनाऱ्याकिनाऱ्यानं तेरेखोल गाठायचं, मांडवीच्या तोंडाशी रेइश मागुश, आणि शेवटी वेल्हा गोव्यातलं, म्हणजे ओल्ड गोव्यातलं, से कॅथेड्रल. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत पन्हाळाही आहे आणि सिंधुदुर्गही. वेल्हा गोव्यातली चर्चेस आणि मठ 1986 पासूनच त्या यादीत आहेत. म्हणजे जगानं मोलाचं म्हटलेलं इतकं सगळं आमच्या एका पेट्रोलच्या टाकीच्या आवाक्यात, आणि आम्ही मात्र वर्षानुवर्षं त्याच्या मधून काजू आणायला जातो.

सोबत मामा-मामी. मामांची हयात गवंडीकामात गेली. सनावळ्यांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. पण कुठलीही इमारत दिसली की ते आधी वर बघतात, मग खाली, मग भिंतीजवळ जाऊन बोटाच्या पेरानं टकटक करतात. "पानी कुटनं उतरतंय ते बग आदी. बाकीचं मागनं." हे त्यांचं वास्तुशास्त्र. गाईडच्या पैशांची बचत होईल एवढ्याच हिशेबानं मी त्यांना चला म्हटलं होतं. पण सगळा प्रवास शेवटी त्यांच्याच नजरेनं झाला.

पन्हाळ्यावर गाडी जिथून आत शिरते, तिथं पूर्वी चार दरवाजा होता. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. आपण बिनदिक्कत ज्या वाटेनं आत जातो ती मुळात गडाची मोडलेली बाजू आहे, आणि आपल्याला तिथलं काय आठवतं, तर कराची पावती फाडणारा माणूस! सिद्दी जौहरनं 1660 साली याच गडाला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून दिल्या, तरी गड तोफेनं पडला नाही. महाराज विशाळगडाकडे निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले, आणि त्यानंतर पन्हाळा दिला गेला तो बोलणी करून. हे शाळेत प्रत्येकानं पाठ केलेलं. मामांना मात्र अंबरखान्यापुढे हलवेना.

गंगा, यमुना, सरस्वती अशी ही तीन धान्यकोठारं. गड शिलाहारांच्या काळातला, दुसऱ्या भोजाचा. पण या कोठारांच्या कमानी बघितल्या की विजापूरचा हात कळतो. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं असं सांगतात. वरी, नागली, भात. ते भरायची रीत बघण्यासारखी. बाहेरच्या दगडी जिन्यानं छतावर जायचं आणि घुमटांना ठेवलेल्या भोकांतून धान्य खाली सोडायचं. मामा जिना चढले, वरचा उतार बघितला, पाणी कुठं जातं ते बघितलं, खाली येऊन भिंतीला हात टेकवून उभे राहिले.

"देवळाचं छप्पर गळलं तर देव भिजतोय. कोटार गळलं तर गड उपाशी मरतोय. म्हनून ह्ये असं बांदलंय."

त्या भिंतीत सिमेंटचा कण नाही, हे सांगायला नको. मामांच्या उमेदीत सिमेंट आलेलंच होतं, पण त्यांचे वडील चुन्याच्या घाणीवर राबलेले. दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल. चुना आधी पाण्यात विझवून मुरत ठेवायचा, मग वाळूबरोबर घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा, ज्याच्या त्याच्या पद्धतीप्रमाणे. गुळाचं नाव निघाल्यावर मामींनी, "म्हंजे भिंतीबी आपल्या गुळावरच हुब्या," असं म्हणून कोल्हापूरचा झेंडा रोवून घेतला. चुन्याची खरी गंमत मामांनी सांगितली ती अशी, की तो मवाळ असतो. भिंतीत ओल शिरली तरी चुन्यातून ती पुन्हा बाहेर पडते. भिंत जरा हलली, तडकली, तरी चुना थोडंफार सांभाळून घेतो. सिमेंट कडक. ते पाणी आत कोंडून ठेवतं, कोंडलेल्या पाण्याबरोबर क्षार दगडात मुरतात, आणि मग फुटतो तो दगड. वर सिमेंट तसंच दिमाखात. किल्ल्यांवर डागडुजीच्या नावाखाली थापलेले सिमेंटचे गोळे दिसतात तेव्हा मला आधी फक्त ते कुरूप वाटायचे. आता ते घातक वाटतात. यात मामांचा दोष आहे. एकदा कळल्यावर निवांत फोटो काढता येत नाहीत.

घाट उतरल्याचं फार सांगण्यासारखं नाही. गगनबावड्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या, पुढे करूळची वळणं, मामींच्या हातात लिंबू. वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण. रस्त्याकडेची घरं काळ्या दगडाची आणि विटेची होती ती मध्येच कधीतरी तांबड्या चिऱ्यांची झाली. इथून पुढे वेल्हा गोव्यापर्यंत जांभ्याचं राज्य.

सिंधुदुर्गाशी कोल्हापूरचं नातं आहे हे आपण विसरून गेलोय. हा किल्ला पुढे करवीरकर छत्रपतींकडे होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव ठेवलं, आणि तडजोड करून परत दिला. 1812 च्या तहात मात्र मालवणसह तो कायमचा गेला. म्हणजे समुद्रातला हा दगडी पसारा बरीच वर्षं आमच्याच दरबाराचा होता. मालवणच्या जेट्टीवर होडीची वाट बघत मी हे मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग डागडुजीचा पैसा कोल्हापुरातनं येत आसंल?" असा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात कधी भेटत नाही.

कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची. 48 एकरांचा पसारा, तटाची उंची 30 फुटांच्या आसपास, पायाचे चिरे शिसं ओतून बसवल्याच्या हकिगती. दरवाजा असा वळणात दडवलाय की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि विहिरी गोड. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला चुन्यातला ठसा आहे. होडीतून उतरलेले लोक घोषणा देत आत शिरतात, सेल्फी काढतात, होडीवाल्यानं दिलेल्या तासाभरात परततात. आम्ही पुढची होडी धरू म्हणून मागं राहिलो.

तटाच्या समुद्राकडच्या अंगाला मामांनी एक गोष्ट दाखवली. खाऱ्या वाऱ्यानं काही चिरे आत आत खचत गेलेत, आणि दोन चिऱ्यांमधल्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांध्यात भरलेल्या रेघा, मात्र पुढे आलेल्या. सांधा शिल्लक आणि दगड गेलेला. मी बोट फिरवून बघितलं, दर्जेची कड अजून हाताला लागत होती. कोकणात चुना भाजायचा तो समुद्रातल्या शिंपल्यांचा. समुद्रानं दगड खाल्ला, पण आपल्याच शिंपल्यांपुढे त्याचं काही चाललं नाही.

किल्ल्यात काही कुटुंबं अजून राहतात. परसात तुळस, वाळत घातलेले कपडे, दाराशी सरबताच्या बाटल्या. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की बहुतेक जण मालवणात येतात. एका घराचं छप्पर मामा बराच वेळ बघत होते. नवं होतं, साधं, कसलीही शोभा नसलेलं. "मानूस ऱ्हातोय तितं कौल फुटलं तर दुसऱ्या दिशी बदलतंय. न्हाय तर एक कौल फुटलं की वासा भिजतोय, वासा गेला की भिंतीचं डोस्कं उघडं पडतंय, आनि डोस्कं उघडं पडलं की संपलं." किल्ला पडतो तो तोफेनं, असं आपण समजतो. मामांच्या मते तोफेला बदनाम केलंय. निम्मी कामं फुटक्या कौलाची.

तेरेखोलला आम्ही रेडीकडून गेलो. खेम सावंतांनी उभारलेला हा छोटा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या उत्तर काठावरचा हा एवढाच तुकडा गोव्याचा. आत शिरलं की चौकात समोर सेंट अँथनीचं चर्च. तट आणि क्रूस इतके खेटून की दोन्ही एकाच नजरेत मावतात. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी इथं घुसून तिरंगा लावला होता. नंतर बरीच वर्षं या किल्ल्यात हॉटेल चाललं. पावित्र्याचा मुद्दा काढणाऱ्यांनी काढावा, पण हॉटेलमुळे खोल्यांना छप्पर राहिलं, हे मामांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. चर्चचं दार बंद होतं. फेरीबोटीत गाडी चढवून आम्ही केरीला उतरलो.

रेइश मागुशचा किल्ला 1551 चा. पुढे तो तुरुंग होता, 1993 पर्यंत. तुरुंग हलल्यावर भिंतींवर झाडं उगवली, आणि मग नीट अभ्यास करून दुरुस्ती होऊन 2012 मध्ये तो लोकांना खुला झाला. पायथ्याशी पांढरंशुभ्र चर्च, वर तांबडा तट, खाली मांडवी, पलीकडे पणजी. दुरुस्ती कशी करावी याचा हा नमुना आहे. कुठं काय नवं बसवलंय ते कळतं, पण डोळ्यांत खुपत नाही. मामांनी अख्ख्या किल्ल्यात एकदाही नाक मुरडलं नाही. त्यांना ओळखणाऱ्यांना ही पावती केवढी मोठी आहे ते कळेल.

आणि मग वेल्हा गोवा.

से कॅथेड्रलचं काम 1562 मध्ये सुरू झालं आणि मुख्य इमारत पुरी व्हायला 1619 उजाडलं. आतल्या वेद्या त्यानंतरच्या. लांबी 76 मीटर. अफोन्सो द अल्बुकर्कनं गोवा जिंकला तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून हे कॅथेड्रल तिचं. तो दिवस होता 25 नोव्हेंबर 1510. ही तारीख मी फलकाजवळ वाचली आणि थबकलो, कारण मालवणच्या पायाभरणीची तारीखही 25 नोव्हेंबर, 154 वर्षांनंतरची. यात योजना कुणाची नाही. मधे कॅलेंडरंही बदलली, जुन्या-नव्या तारखांचा घोळ आहे. तरीही एका किनाऱ्यावर एकाच तारखेला एकानं विजय साजरा केला आणि दुसऱ्यानं त्याच समुद्रात चिरा ठेवला, हे कळल्यावर ते डोक्यातून जात नाही.

दाराशी मामींनी चपला काढल्या. तिथल्या एका बाईंनी, नको, घालून या, असं हसून सांगितलं, तरी मामींनी त्या पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत मारली. आत इतका उजेड असेल असं मला वाटलं नव्हतं. बाहेर पांढरा गिलावा, आत पांढरा गिलावा, आणि त्या पांढऱ्याच्या शेवटी सोनेरी मुलाम्याची मोठी वेदी. बाहेरून नीट बघितलं तर दर्शनी बाजू अर्धीच वाटते. डाव्या हाताला मनोरा आहे, उजवीकडे नाही. होता, 1776 मध्ये कोसळला. पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सुवर्णघंटा' आहे, गोव्यातली सगळ्यांत मोठी. याच चौकात धर्मन्यायालयाच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशनच्या, शिक्षा सुनावल्या जात आणि त्या वेळी ही घंटा वाजे. आवाज गोड आहे म्हणून नाव सोन्याचं. ज्यांच्यासाठी वाजली त्यांना तो कसा लागला असेल, याचा विचार त्या हिरवळीवर उभं राहून करायला लागतो. तो न करता नुसतं वास्तुसौंदर्य बघणं मला जमत नाही, आणि जमू नये असंही वाटतं.

मामांचं लक्ष गिलाव्यावर. "जांबा हाय आत. पर अंगभर कापडं हायत. म्हनून टिकलंय." त्याचा अर्थ रस्ता ओलांडल्यावर कळला.

समोर बोम जेझूचं चर्च. 1594 मध्ये सुरुवात, 1605 मध्ये अभिषेक. गोव्याच्या प्रत्येक चित्रात, प्रत्येक कॅलेंडरवर हेच दिसतं, कारण ते तांबडं आहे. उघडा जांभा, त्यावर काळ्या दगडाचं कोरीवकाम. तो काळा दगड वसईकडून आणलेला. मामांनी लांबूनच ओळखला, "ह्यो आपल्या वळनाचा." पण हे चर्च असं तांबडं बांधलेलंच नव्हतं. तेही समोरच्या कॅथेड्रलसारखं गिलावा केलेलं होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी तो गिलावा उतरवला. जुनी वास्तू जुनी दिसावी, दगडाचं वय दिसावं, असा तेव्हाचा विचार. हेतू चांगला होता. दिसायला परिणामही देखणा झाला.

जांभ्याचा स्वभाव असा, की खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीच्या घावानं तासता येतो, आणि वाऱ्यावर राहिला की टणक होतो. पण तो सच्छिद्र. पाणी पितो. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ज्या भिंतीला साडेतीनशे वर्षं गिलाव्याची सवय ती गेली सत्तर वर्षं तशीच उघडी पावसात उभी आहे. जवळ जाऊन बघितलं तर चिऱ्यांच्या कडा गोल झाल्यात, कुठं कुठं खळगे पडलेत. चर्चच्याच मंडळींनी काही वर्षांपूर्वी जाहीरपणे हा धोका मांडला होता.

मामा तिथं जे बोलले ते मी तसंच लिहितो. "पावसात हुब्या मानसाचं इरलं काडून घ्यायचं, आनि म्हनायचं, बगा कसा रांगडा दिसतोय!"

आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष. झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली, 1637 च्या सुमारास. खालची संगमरवरी समाधी तस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवली, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनीनं केलेली, आणि ती इथं 1698 मध्ये जोडून उभी केली. गोव्याचा चांदीकाम करणारा वर आणि फ्लॉरेन्सचा पाथरवट खाली, असा हा क्रम मला फार आवडला.

पण कोल्हापूरच्या माणसाला इथं आठवतात ते संभाजी महाराज. 1683 च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे म्हणजे सांतु इश्तेव्ह, इथून हाकेच्या अंतरावर. परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा परतला. शहर हातचं जाणार हे दिसल्यावर तो बोम जेझूत आला, झेवियरची शवपेटी उघडली, आपला अधिकारदंड संताजवळ ठेवला आणि म्हणाला, आता तूच सांभाळ. पाठीवर मुघल फौज आल्यामुळे महाराजांना माघारी फिरावं लागलं. गोव्यात ते श्रेय संताला मिळालं. आपल्याकडे औरंगजेबाला दूषण मिळालं. मी हे सांगितल्यावर मामी पेटीकडे बघत म्हणाल्या, "आपलंच लोक आल्तं म्हनून ह्यांस्नी देव आटवला." मग बाहेर येऊन त्यांनी मेणाचे हात-पाय-डोळे विकणाऱ्या बाईकडून मेणाचा गुडघा घेतला. स्वतःच्या गुडघ्यासाठी. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या बाईला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आहेत. सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ इथं घालवला. 46 मीटर उंच मनोऱ्याची एकच उभी फाक, बाकी आकाश. 1602 मध्ये बांधलेलं हे प्रचंड चर्च कोणी पाडलं नाही. 1835 मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, साधू निघून गेले, दार बंद झालं. 1842 मध्ये छताची कमान खाली आली. फक्त 7 वर्षं. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा गेला. 240 वर्षं बरं उभं असलेलं छप्पर झाडणारा माणूस गेल्यावर 7 पावसाळे टिकलं! मामांनी सिंधुदुर्गावर कौलाचा जो क्रम सांगितला होता त्याचा एवढा मोठा दाखला असा पायांखाली येईल असं वाटलं नव्हतं. फरशीत थडगी आहेत, भिंतीच्या बुडाशी निळ्या-पिवळ्या टाइल्स अजून चिकटून आहेत. जॉर्जियाच्या केटेव्हन राणीचे अवशेषही इथंच सापडले. तिच्या देशातले लोक कित्येक वर्षं इथं शोधत येत होते. 2021 मध्ये भारतानं तो अवशेष जॉर्जियाला दिला.

मी मामांना अडवायचं म्हणून खिद्रापूर काढलं. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला छप्परच नाही, मुद्दाम गोल उघडा ठेवलाय, शिलाहारांच्या काळापासून पाऊस आत पडतोय, 48 खांब तसेच आहेत. मग तुमचा नियम? मामा जरा थांबले. "त्यो काळा दगूड. पानी पीत न्हाई. आनि ज्यानं उगडं ठेवलं त्यानं पानी जायाचा विचार करून ठेवलं. हितं ठेवलं न्हवतं, पडलंय." ठरवून उघडं आणि पडून उघडं यांतला हा फरक मी वहीत टिपून घेतला.

या मठाच्या घंटेची गोष्ट मला से कॅथेड्रलच्या घंटेहून जास्त रंगतदार वाटते. मठ उजाडल्यावर ती आग्वादच्या किल्ल्यावर नेली. तिथून 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये आली, त्या प्रसिद्ध पांढऱ्या पायऱ्यांवरच्या, आणि तिथं आजही वाजते. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा अशाच आपल्याकडे आल्या. वाईजवळ मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. घंटेचं बरं असतं. धातू चांगला असला की तिला कोणीही घेतं, आणि टांगली की ती वाजतेच. भिंतीला कोणी उचलून नेत नाही.

शेवटी दिवाडीमार्गे नार्व्याला गेलो. दोन फेऱ्या लागतात, आणि त्या दोन्हींत मामी झोपल्या. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव. दिवाडीवरचं त्याचं देऊळ पोर्तुगिजांनी मोडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं, आणि शके 1590 मध्ये, म्हणजे 1668 साली, शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं इथं देऊळ बांधायला घेतलं. तसा शिलालेख दारावर आहे. मोठा गड नाही, उंच शिखर नाही. उतरतं छप्पर, घुमट, पुढे दीपमाळ, मागं झाडी. अलीकडेच त्याची दुरुस्ती होऊन 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. महाराज इथं जिंकून घ्यायला आले असते तर किल्ला बांधला असता. त्यांनी देऊळ बांधलं, आणि रोज दिवा लागेल अशी सोय केली. मला हे राजकारण म्हणूनही फार मोठं वाटतं. मामा छपराचा उतार बघत म्हणाले, "बराबर हाय."

येताना आंबोलीचा घाट चढेस्तोवर गाडीत एकच वाद. बोम जेझूला पुन्हा गिलावा करावा का? मामा म्हणाले, करायलाच पाहिजे, चुन्याचा, आणि उद्यापासून. मी म्हटलं, सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्यांनी ते तांबडंच बघितलंय, त्यांच्या लग्नाच्या फोटोंत ते तांबडं आहे. पांढरं केलं तर त्यांना ते आपलं वाटेल का? मामा म्हणाले, पडल्यावर कुठल्या रंगाचं वाटंल? मी कास्त्रोंची बाजू घेऊन बघितली. तेही आवडीपोटीच केलं होतं, नीट जपायला म्हणूनच. मामा म्हणाले, पाडणाऱ्यापासून वास्तू वाचवता येते, तिच्यावर हौस करणाऱ्यापासून कशी वाचवायची? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आपल्याकडच्या तटांवर सोडलेल्या रंगीत दिव्यांचा विषय काढला, आणि त्यावर आमचं चटकन एकमत झालं.

आजरा मागे पडल्यावर मामी जाग्या झाल्या. थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गोव्याचं ते गोव्याचं लोक बगतील. आपल्या न्हानीची भिंत ओल धरून बसलीया, तिला गिलावा कोन करनार हाय?"

"ती शिमिटाची हाय," मामा म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघायला लागले.